दारावरची पाटी

दवाखान्याच्या दारावरच्या ई-पेपरच्या, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पडद्याच्या पाटीतली बॅटरी काढलेली होती, तरी दंतवैद्यांचं नाव ठळक दिसत होतं. पाटीखाली ते आणि त्यांची दंतवैद्यच असलेली मुलगी हळू आवाजात बोलत होते.

“बाबा, बॅटरी तुम्हीच काढलीत ना?”

“तू माझं नाव बदलशील म्हणून.”

“मग ते अजून दिसतंय कसं?”

“आतले काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले, की हलत नाहीत. वीज लागते ती फक्त बदलायला.”

“अगदी तुमच्यासारखेच आहेत.”

“टोमणे पुरेत. माझा हात फक्त संध्याकाळी थरथरतो.”

“आज सकाळीच सुई पेशंटच्या गालाला लागली, बाबा.”

“हो. लागली.”

“मग?”

“ही घे बॅटरी. उद्यापासून दाढा तू काढायच्या. पाटीवर तुझं नाव लाव.”