डब्यावरचं नाव

सापशिडी खेळताना तुम्ही सगळे हसता आणि मी गप्प बसतो, त्याचं कारण सांगतो.

आमच्या गल्लीतल्या आप्पानं सापशिडी छापून विकायला काढली होती. पटावरची चित्रं शामराव पेंटरची. जन्मभर सिनेमाचे बोर्ड रंगवून छाती खराब झालेली, माणूस अंथरुणाला खिळलेला. तरी उशाशी फळी घेऊन त्यांनी सगळे साप काढले. मागणं एकच.

"आप्पा, एवढी नटनट्यांची तोंडं रंगवली, पर खाली नाव कुणी घालू दिलं न्हाई. डब्यावर माझं नाव घाल की."

आप्पानं शब्द पाळला. छापखान्यातनं डबे आले, तर झाकणावर ठळक अक्षरात, 'चित्रे: कै. शामराव पेंटर'.

आप्पा तडक छापखान्यात जाऊन गरजला, "आरं, माणूस जिता हाय की!"

कंपोझिटर गांगरला. "जित्या माणसाचं नाव कोण छापतंय, मालक? तुमी घालाय सांगितलं म्हंजे मला वाटलं, गेलंच असणार."

मग आप्पाच्या घरी सोप्यात आम्ही दोघं डबे पसरून बसलो. एकेका डब्यावरच्या 'कै.'वर ब्रशनं काळी शाई फिरवायची. सगळे झाले की त्यातला एक शामरावांना नेऊन दाखवायचा, असं ठरलेलं. निम्मे डबे व्हायच्या आत त्यांचा जावई दारात येऊन उभा राहिला.

"मामा गेलं," म्हणाला.

आप्पानं हातातला डबा खाली ठेवला. मग त्यानं ब्रश पुसला.

"उरलेल्यांस्नी शाई लावू नगंस," म्हणाला. "ते बरोबर छापल्यात."