तुरीत पडलेलं विमान

आमच्या बोरी गावात मला कुणी "इंजिनातला डॉक्टर" म्हणलं की आजबी मान खाली जाती. का, ते आज सांगतो.

यात्रेत फुलं टाकायला एक पायलट आला व्हता. पाठीवर इंजिन आन पंखा, वर छत्री, असलं एकट्याचं विमान. पेट्रोल आणलं चुडाव्याच्या दाजींनी, म्हंजे माझ्या बहिणीच्या मालकांनी. टाकीत भरून झाकण लावलं मी. वर जाऊन दहा मिनिटं झाली नसतील, इंजिनाची ताकद गेली आन पायलट तुरीत आदळला. नशिबानं नुसतं खरचटलं.

सगळं गाव गोळा झालं. मी फवारणी पंपाचा मेकॅनिक. प्लग काढून बघितला, तर पांढराफटक.

म्हणलं, "पेट्रोल कमी जायलंय. कार्बुरेटर चोंदलाय. दाजी, तुमच्या पेट्रोलात कचरा हाय! माणूस मेला असता की!"

दाजी टाकीकडं बघत राहिले.

कार्बुरेटर खोलला, तर आत लख्ख साफ. परत जोडून इंजिन चालू केलं. जरा वेळानं पुन्हा दम सोडला.

तवा दाजींनी पुढं होऊन टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. झाकणाखाली पॉलिथिनचा तुकडा! पंप गाडीवर नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून मी घालतो, तसा सवयीनं इथंबी घातला व्हता. झाकणातलं हवेचं भोकच बंद, मग पेट्रोल इंजिनात जाणार कसं?

"हे कुणी घातलं?" पायलटनं विचारलं.



दाजींनी माझ्याकडं बघितलं, तुकडा खिशात टाकला. "मीच घातला साहेब. चुकलं माझं."

आन मी गप बसलो.