मशीन बंद असलेला दिवस

लेकीला दवाखान्यात तपासणीला घेऊन आलेल्या शिंपीकाकांचे कान असे, की पलीकडच्या गल्लीत सुई पडली तरी तिचा नंबर सांगतील. मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेचे दिवस भरत आले होते.

“पाय बघ केवढे सुजलेत! माझ्या चपला तरी घालायच्यास.”

“त्यातही शिरत नाहीत. आई, बाळ आज हललंच नाही हो.”

“बापावर गेलंय. सुट्टी दिसली की लोळायचं! काल तर लाथा मारत होतं म्हणालीस.”

“काल मी कारखान्यात होते. शिलाईच्या मशीनवर.”

“मग?”

“पोट टेबलाला टेकतं ना. मशीन चाललं की आतपर्यंत थरथरतं. मला वाटायचं, बाळच.”

“आणि घरी आल्यावर?”

“आल्या आल्या झोपायचे. घरी हललेलं जाणवून चार दिवस झाले असतील. लक्षच नाही दिलं.”

तेवढ्यात काकांच्या लेकीचा नंबर पुकारला. ती उठत होती, काकांनी हात धरून तिला खाली बसवलं आणि ते मागे वळले.

“ताई, आमच्या आधी तुम्ही जा.”

“ऊठ गं. ऊठ, बाळा,” सासू सुनेला म्हणाली.

“जरा बसू द्या ना, आई. आत गेलं की डॉक्टर सांगूनच टाकतील.”