माशाच्या तेलाला सोमवार असतो का?

...ढेकराचं सोडा हो! ढेकराला कोण घाबरतो? काशीराम पालव म्हणतात मला, सगळा जन्म विक्रोळीत गेला, पण मूळचा मालवणी माणूस, बांगड्याचा ढेकर आम्हाला काय नवीन आहे? पण तुम्हाला सांगतो, बांगडा न खाता बांगड्याचा ढेकर आला ना, सकाळी साडेनऊला, चहा-चपातीनंतर, तर माणूस आधी ताटात वाकून बघतो! आपल्या आत नक्की चाललंय काय? कोण आहे आत?

आणि हे सुरू कोणी केलं? आमच्या नितेशने! मुलगा माझा, साकीनाक्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या साहेबांचे वडील म्हणे माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतात आणि ऐंशीव्या वर्षी चार माळे चढतात. झालं! आला घेऊन दोन बरण्या, एकावर एक फुकट. "बाबा, हार्टला चांगलं असतं. रोज दोन." आता हार्टचं नाव निघालं की मी गप्प, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत स्प्रिंग टाकलीय, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे, आणि तेव्हापासून मी... खोटं कशाला सांगू, खालून कुणी हाक मारली तरी आधी छातीवर हात ठेवतो, मग ओ देतो. भित्रा झालोय मी. आहेच भित्रा! त्यात लपवायचं काय?

तर रोज दोन. सोपं आहे ना? लहान पोराला पण जमेल. पण आमच्या घरात शेवंती आहे ना! माझी बायको. पहिल्याच दिवशी मी कॅप्सूल हातात घेतली, पिवळी, चकचकीत, तोंडाजवळ नेली आणि स्वयंपाकघरातून आवाज... "ओ! आज सोमवार आसा! मासो खाणार तुमी?" अगं, मासा कुठे? तेल आहे! औषधाच्या दुकानात मिळतं! ती ऐकते? तिने टाचणी आणली, कॅप्सूलला टोचली, नाकाला लावली, डोळे मिटले, आणि कोर्टात निकाल सांगतात तसं म्हणाली, "मासोच तो!"

संपला विषय. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आमच्याकडे मासे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. मग कॅप्सूल कधी? बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी! मी म्हटलं बरं झालं, कमी झाल्या, सुटलो. कसला सुटतोय! बुधवारी सकाळी वाटीत पाच. मी म्हटलं, अगं पाच? "मग? सोमवार-मंगळवारच्यो रवल्यो, त्यो कोण खातलो?" म्हणजे आठवड्याच्या चौदा तीन वारांत बसवल्या बाईने! बुधवारी पाच, शुक्रवारी पाच, रविवारी चार, कारण रविवारी कोलंबी असते, पोटात जागा पाहिजे. मी म्हटलं, शेवंती, एकदम एवढ्या चालतात का गं? "पाच बांगडे एकदम खाताना इचारलास कधी? मासोच तो! काय होवचा नाय!"

दोन महिने गिळतोय हो मी! ढेकर झाले, पोट बिघडलं, भाजी आणायला निघालो की आधी रस्त्यातलं संडास कुठे आहे ते आठवून ठेवायचं. तेही चालवून घेतलं. मग एक दिवस आंघोळीला शर्ट काढला आणि दंडावर हा एवढा निळा डाग. पडलो नाही, आपटलो नाही. दोन दिवसांनी मांडीवर दुसरा. मी हळूच दाबून बघितला. दुखला. नाही दाबायला पाहिजे होता.

आणि त्यात आली संकष्टी! शुक्रवारी! शुक्रवारच्या पाच गेल्या रविवारात. पाच आणि चार किती? नऊ! पाणी पिऊन पिऊन गिळल्या मी. आणि सोमवारी सकाळी दाढी करताना हनुवटीला जरासं कापलं. जरासं हो! एरवी तुरटी लावली की बंद. तुरटी लावली, कापूस लावला, अर्धा तास टॉवेल दाबून आरशासमोर उभा... रक्त आपलं येतंय! अंगात केवढं असतं हो रक्त? मी बसल्या बसल्या हिशोब करायला लागलो.

मंगळवारी गेलो डॉक्टर गंधालीकडे. पोरगी नितेशच्या वयाची आहे, पण हुशार. तिने डाग बघितले, हनुवटी बघितली, आणि विचारलं, "काका, हार्टच्या गोळ्या सोडून आणखी काही औषध चालू आहे का?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "नाही!" आणि खोटं नाही बोललो हां मी! शंकराची शपथ! औषध कुठे चालू होतं? मासे चालू होते! ती म्हणाली, "नीट आठवा. आयुर्वेदिक? ताकदीचं काही?" मी म्हटलं, "काही नाही हो, साधं जेवण." मग ती गप्प झाली. तुम्हाला सांगतो, डॉक्टर ओरडला तर ओरडू द्या, पण गप्प झाला ना की वाट लागली समजायची. तिने रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. पानभर! म्हणाली, "कारण सापडत नाहीये, शोधायला हवं."

कारण सापडत नाहीये! घरी येईपर्यंत मी मनात स्वतःला पोचवून आलो. रक्त द्यायला सुई टोचली त्या जागी पण हा एवढा काळा डाग. नितेशला बोलावून गावच्या घराची चावी कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं. तो म्हणतो, "बाबा, आज कशाला?" आज कशाला? उद्या मी असेन का, मला काय माहीत! शेवंती मागून, "तेंका काय जावचा नाय. घाबरट आसत ते."

आणि बुधवारी सकाळी... अहो, अजून काटा येतो अंगावर... वाटी पुढे आली. वीस! मोजल्या मी दोनदा. वीस कॅप्सूल! म्हटलं, "शे... शेवंती, हे काय?" तर शांतपणे म्हणते, "पुढच्या बुधवारी श्रावण लागता. महिनाभर मासो बंद. रोजच्यो दोन म्हणजे साठ. बरणीची तारीख संपान जायत. आज वीस, शुक्रवारी वीस, रविवारी वीस." गटारीला लोक मटण खातात, दारू पितात, झकास मजा करतात, आणि मी मरणार साठ कॅप्सूल खाऊन! पेपरात काय छापणार? मी म्हटलं, अगं वीस कशा घेऊ? "दोन-दोन करून घेवा. मासोच तो!"

उठलो, वाटी घेतली, बरणी घेतली, आणि तसाच बनियनवर खाली भीमराजकडे! भीमराज खरात, माझा मित्र. ट्रॉम्बेला अणूच्या ठिकाणी पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. तिथे कधी घाबरला नाही. दोन हजार पाचला पाणी गळ्यापर्यंत आलं तेव्हा घाबरला नाही. लेबल न वाचता हा बिस्कीट पण खात नाही. भिंग काढलं, बरणी फिरवून फिरवून वाचली... आणि गप्प. हा पण गप्प! मग म्हणाला, "काशीराम, खाली बस." अरे, बसलेलोच होतो मी!

"रक्त पातळ करायची गोळी आहे ना तुला?" आहे. "इथे लिहिलंय, तशी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विचारलंस?" नाही. "रविवारी किती घेतल्यास?" मी बोटं दाखवली. "नऊ? आणि ह्या वाटीत?" मी वाटी मागे लपवली. "अरे येड्या, रोज दोन लिहिलंय इथे!" मी म्हटलं, भीमराज, रोज कशा घेऊ, आमच्याकडे वार असतात. तो कपाळाला हात लावून म्हणतो, "आमच्याकडे वारांची भानगड नाही यार, तरी मी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक घेतली नसती. चल, चप्पल घाल!"

रिक्षात तो, मी, आणि मध्ये शेवंती, मांडीवर बरणी. डॉक्टर गंधालीने बरणी बघितली, माझ्याकडे बघितलं. "काका, मी विचारलं होतं, औषध चालू आहे का!" मी म्हटलं, "मॅडम, औषध विचारलंत. मासे कुठे विचारलेत?"

मग ऐकवलं तिने, तिघांनाही! म्हणाली, "सांगितलेल्या प्रमाणात बहुतेकांना ह्याने काही होत नाही. ढेकर येतात, पोट बिघडतं, एवढंच. पण रक्ताची गोळी चालू असताना एका दिवशी नऊ? रक्तस्राव वाढू शकतो! डाग ह्यानेच पडले असं मी छातीठोक नाही सांगणार, पण आजपासून एकही नाही. आणि घाबरून हार्टची गोळी बंद केलीत तर बघा! ती रोज घ्यायची." मग शेवंतीकडे वळली. "काकू, हा मासा नाही. हे औषधच समजायचं. कळलं?"

येताना रिक्षात शेवंतीने माझा हात धरला, भीमराजच्या देखत हां, आणि डोळ्याला पदर लावला. "माका म्हायत नाय होता वो..." मी म्हटलं, जाऊ दे गं, आहे ना मी. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की खरंच आहे मी!

रिपोर्ट बरे आले. डाग उतरतायत. गोष्ट इथे संपायला हवी होती ना? पण बरण्या उरल्या हो! आणि टाकून द्यायचं आमच्या घरात कोणाला माहीत नाही. शेवंतीने परस्पर डॉक्टरांना फोन लावला, "माझे गुडघे दुखतत, माका चलतली?" तिला रक्ताची गोळी नाही, बाकी पण काही नाही, तर डॉक्टर म्हणाल्या, घ्या, पण दोनच्या वर नाही. आता ही रोज दोन घेते, आणि मी रोज सकाळी तिचे दंड तपासतो.

परवा श्रावणातला पहिला सोमवार. माझ्या ताटात भोपळा. महिनाभर भोपळाच! ही देवापुढे दिवा लावून हात जोडून उभी, आणि आला... ढेकर! बांगड्याचा! अख्ख्या खोलीत वास! मी शंकराच्या फोटोकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. ही डोळे न उघडता म्हणते कशी, "बघतास काय? औषदच तां!"

मी भोपळा पुढे ओढला आणि गप जेवलो.