दोन महिन्यांची गाडी

मला एक सांगा, दोन महिने म्हणजे किती दिवस हो? साठ? फार तर बासष्ट? मीही शाळेत तेच शिकले, पण आमच्या घरातले दोन महिने सव्वाचार वर्षांचे आहेत... आणि तेवढी वर्षं माझं शिवणयंत्र हॉलमध्ये, टीव्ही आणि सोफ्याच्या मधे अडकलेलं, आणि बाहेरच्या ज्या खोलीत मी शिलाईचं दुकान टाकणार होते, अहो, पाटीसुद्धा रंगवून आणली होती, त्या खोलीत आमच्या ह्यांची गाडी!

तुम्हाला सांगते, हे जेव्हा पहिल्यांदा म्हणाले ना, "अगं, मी घरीच हॉट रॉड करणार," तेव्हा मला वाटलं, पाणी तापवायचा रॉड! म्हटलं, करा बाई, जुना तसाही शॉक मारतो. तर टेम्पोतून उतरलं काय? एका मेलेल्या गाडीचा सांगाडा! "हा कापायचा, बुटका करायचा, ट्रकचं इंजिन बसवायचं आणि वर बॉनेट लावायचंच नाही!" म्हटलं, अहो, इंजिन उघडं का ठेवायचं? तर म्हणे, "लोकांना दिसायला नको?" म्हणजे मी जन्मभर शिवण आतल्या बाजूला लपवायची आणि ह्यांनी आतडी बाहेर काढून मिरवायची! खोली कधी मोकळी होणार, विचारलं. "फक्त दोन महिने गं!"

मग काय, एक दार पांढऱ्या गाडीचं, एक लाल गाडीचं, स्टिअरिंग बसचं, सीट दाताच्या डॉक्टरांच्या मोडक्या खुर्चीची... भंगारवाला तर रस्त्यात हाक मारतो, "वहिनी, साहेबांसाठी रेडिएटर बाजूला ठेवलाय हं!" जसा काही नात्यातला दीरच! आणि इकडे हॉलमध्ये मी नर्सबाईंचं माप घेतेय, तेवढ्यात हे ग्रीसने माखलेले दोन हात पुढे करून आत, "माझा पाना पाहिलास का?" नर्सबाई किंचाळून पडद्यामागे! एकेक गिऱ्हाईक गळायला लागलं हो. शेवटी मी अट घातली, ज्या दिवशी ही गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर जाऊन परत घरी येईल, त्या दिवशी खोली माझी. "कबूल! आता काय, फक्त दोन महिने!"

आणि आला की तो दिवस! इंजिन असं गरजलं की माझ्या कपाटातले हँगर नाचले. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि सरळ... कुठली सरळ! उजवीकडे! समोरच्या मास्तरांच्या कुंपणात! मागे घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा कुंपणात. मास्तर म्हणाले, "आत यायचंच असेल तर फाटक आहे माझ्याकडे." ह्यांनी टायरची हवा पाहिली, स्टिअरिंग पाहिलं... मी समोर उभी राहून, अंगावर चढवलेला झगा पाहावा तशी गाडी पाहिली. डावी बाजू लांब! विचारलं, अहो, मापं कशाने घेतली होती?

"उजवीकडची माझ्या लोखंडी टेपने. मग ती सापडेना, म्हणून डावीकडची तुझ्या टेपने. इंच तो इंच, टेप कुणाची का असेना!"

आता माझी टेप म्हणजे काय, तर वीस वर्षं ओढून ताणलेली कापडी पट्टी. छत्तीसची कंबर पस्तीस भरते, बायका खूश होऊन जातात. मी कापडही त्याच टेपने बेतते, म्हणून कपडा बसतो. पण गाडीची अर्धी मापं एका टेपची आणि अर्धी दुसऱ्या टेपची! दीड इंचाचा घोळ! खरं सांगितलं असतं तर गाडी पुन्हा कापली असती, म्हणजे पुन्हा... दोन महिने!

मी गप्प बसले. हो, बसले गप्प! वर सुचवलं, "अहो, त्यापेक्षा आपल्या घरांच्या चौकोनाला उजवीकडून वळसा घालून या ना." चारही वळणं उजवीकडची! गेली की हो गाडी, आणि आलीही! ह्यांचा चेहरा काय सांगू, फोटो काढून ठेवावा असा. शब्दाचे पक्के, त्याच दुपारी खोली झाडली, यंत्र स्वतः उचलून नेलं, पाटी ठोकली. मी खिडकीशी बसून एक बाही जोडली... तुम्हाला सांगते, इतकी सरळ टीप मी आयुष्यात मारली नव्हती.

तेवढ्यात हे दारात येऊन म्हणतात, "उद्या ह्याच गाडीने तुझ्या बहिणीकडे जाऊ. दीडशे किलोमीटर सरळ रस्ता! शेजारी तूच बसायचंस. फार सोसलंस गं तू."

सरळ रस्ता! आणि उजव्या हाताला शेवटपर्यंत कालवा! आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होते? आणि एवढ्या मायेने कधी बोलले नव्हते हो... सांगून टाकलं. सगळं.

हे बाहेर गेले, लोखंडी टेप लावली, परत आले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर डोळ्यांत चमक! "म्हणजे सगळी उघडायला लागणार!" जशी काही शाळेला सुट्टी लागली! "अगं, असा किती वेळ लागणार, फक्त..."

म्हटलं, आकडा सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही यंत्र हॉलमध्ये आणलं आणि गाडी खोलीत घातली. हे स्टिअरिंगवर बसले होते, मी मागून ढकलत होते.