सातवं बटण

सासरे: …पाय नको धरूस त्याचे, बदकाचे पाय फार नाजूक. पंख मिटव आणि अंगाशी घे. हां, असं. शिंप्याच्या सुनेला घडी घालायला शिकवावं लागतंय म्हणजे कमाल आहे.

सून: हा साहेब चावतोय, बाबा.

सासरे: चावायला दात कुठेत त्याला? निरोपाचा चिमटा काढतोय. घाल खोक्यात. झाले दोन. उरल्या चौघी.

सून: थोडं थांबू या का? नर्सरीवाला ह्यांना न्यायला दहाला येणार म्हणालाय. आत्ता कुठे नऊ होतायत.

सासरे: थांबून काय करायचं? ह्या टबातून बाहेर यायला तास लावतात. मास्तरीण असती तर हाकसुद्धा मारावी लागली नसती. ती पुढे चालायला लागली की बाकीची मागून ओळीनं, शाळा सुटल्यासारखी. ती गेली आणि वर्गाला धरबंद राहिला नाही.

सून: मास्तरिणीबद्दलच मला…

सासरे: छकुली कुठाय?

सून: ओसरीवर. चटईवर ठेवलीय, दोन्हीकडून उशा लावल्यात. दिसतेय मला इथून.

सासरे: तू तिच्यापाशी जा. बदकं मी बघतो.

सून: तुम्हीच घ्या ना तिला जरा. तीन आठवडे झाले, तुम्ही तिला उचललेलं नाही. सकाळी रांगत तुमच्या खोलीपाशी जाते आणि दारावर थापा मारत बसते.

सासरे: ऐकू येतं मला. कान शाबूत आहेत अजून. पण नको. सातातलं एक बाहेर राहिलं तरी ज्याला पत्ता लागत नाही, त्याच्या कडेवर मूल देऊ नये. तूच म्हणालीस की लेकाला माझ्या. भिंती पातळ आहेत आपल्या.

सून: मी एवढंच म्हटलं होतं, की थोडे दिवस नको.

सासरे: बरोबरच म्हणालीस. आईनं घाबरायलाच हवं. मी काही डूख धरून बसलेलो नाही. पण राहून राहून नवल वाटतं. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, बटण लावायचं राहिलं म्हणून एक सदरा परत आला नाही. म्हणून तर खुराड्याच्या दाराला हा दोरा बांधला, सात बटणं ओवून. एक बदक आत शिरलं की एक बटण पलीकडे. सात सरकली की कडी. नेम माझाच, आणि मोडला पण मीच. सर्दीची गोळी घेतली होती, ह्याच खुर्चीत डोळा लागला. जागा होऊन बघतो तर कडी घातलेली, सातही बटणं पलीकडे. मी कधी उठलो, कधी लावली, काही म्हणता काही आठवत नाही. आणि सकाळी कुंपणाखाली पिसं. कुत्र्यानं काही ठेवलं नव्हतं.

सून: बाबा, ती बटणं तुम्ही नाही सरकवलीत.

सासरे: मग काय साहेबानं सरकवली?

सून: मी सरकवली.

(सासरे हातातलं बदक हळूच खाली सोडतात.)

सासरे: तू कधी?

सून: तुम्ही झोपला होतात तेव्हा. छकुलीला ताप होता, कडेवरून उतरेना. म्हटलं, तुम्हाला कशाला उठवा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजली. सहा खुराड्याच्या तोंडाशी होती. सातवं मागं, कपड्यांच्या तारेखाली बसलेलं. म्हटलं, येईलच त्यांच्या मागून. भाताचा गॅस बंद केला आणि मागच्या दारानं गेले. तोवर खुराड्यासमोरच्या गवतावर कुणी दिसेना, तार तिथून खुराड्याआड होती, सगळी आत गेली असं धरून चालले. आत अंधार होता, वाकून बघितलं नाही. कडी घातली आणि बटणं एका बोटानं सातही सरकवली.

सासरे: एकेक नाही.

सून: नाही. एकदम.

सासरे: आणि ते तारेखालचं?

सून: छकुलीचं दुपटं होतं ते. तारेवरून पडलेलं. सकाळी दवानं चिंब झालेलं उचललं, तेव्हा कळलं.

सासरे: दुपटं.

सून: पांढरं. खाली पडून गोळा झालं होतं, मान पंखात घातल्यासारखं.

सासरे: त्या सकाळी मी पिसं घेऊन आत आलो तेव्हा तू चहा गाळत होतीस.

सून: हो.

सासरे: मी म्हटलं, कशी कडी लावली मी, आठवतच नाही. तू म्हणालीस, असू दे बाबा, वय झालं की होतं असं.

सून: हो. म्हणाले.

सासरे: दुपटं तेव्हा कुठं होतं?

सून: बादलीत. साबणात भिजवून आले होते नुकतीच.

सासरे: हं.

सून: वाटलं, दुपारी सांगीन. मग वाटलं, उद्या. मग तुम्ही नर्सरीवाल्याला फोन केलात, आणि… खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. ही रांगायला लागलीय, अंगणभर ती घाण, टबात वीतभर पाणी. माझा सगळा जीव त्या टबाशी. म्हटलं, आपणहून जातायत तर जाऊ देत. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

सासरे: तीन आठवडे मी पहाटे उठून गॅसचं बटण बघतोय. एकदा बघून भागत नाही, तीनतीनदा. घराच्या किल्ल्या लेकाच्या हवाली केल्या. परवा लेकानं नेलं त्या डॉक्टरनं मला विचारलं, आजोबा, आज वार कोणता? बरोबर सांगितला. पण घरी आल्यावर पेपर काढून बघितला मी, खरंच गुरुवार आहे का.

सून: मला बोला, बाबा. काहीही बोला.

सासरे: काय बोलू? एक वाक्य होतं गं. चहा गाळता गाळता झालं असतं.

सून: मी आत्ताच्या आत्ता त्याला फोन करते. येऊ नका म्हणते. टबावर जाळी बसवून घेऊ. अंगण मी रोज धुईन.

सासरे: त्यानं तळं खणलंय. दोन आठवडे खपतोय तो. खाली काळं प्लास्टिक अंथरलंय, खुराडं बांधलंय. कुणाला कोणत्या नावानं हाक मारायची तेसुद्धा विचारून घेतलंय. त्याला काय सांगू आता? आमच्याकडे एक दुपटं पडलं होतं?

सून: मी सांगते. खरं तेच सांगते.

सासरे: राहू दे. शब्द दिलाय मी. आणि ह्यांनाही मान बुडवण्यापुरत्या पाण्यात किती दिवस ठेवायचं? ऐक, फाटक वाजलं. डोळे पूस.

नर्सरीवाला: काका, आहात ना? जरा लवकरच आलो. अरे, चौघी अजून मोकळ्याच! थांबा, मी धरतो. ताईंना तसंही जमायचं नाही ते. सहाच ना एकूण?

सासरे: तिला विचारा. मोजायचं काम तिच्याकडे आहे.

सून: सहा.

नर्सरीवाला: आणि काका, ती बटणांची युक्ती? बायको म्हणाली, विचारून या. आमच्याकडे तीन माणसांत कुणी दार लावलं, कुणी नाही, ह्यावरून रोज भांडण व्हायचं.

सासरे: दोराच घेऊन जा. थांबा, एक काढून देतो. सहाच लागतील. आणि एक सांगून ठेवा घरी, बटण एका वेळी एकच सरकवायचं. बदक उंबऱ्याच्या आत गेलेलं बघून.

नर्सरीवाला: सांगतो. येतो मग. तळं बघायला या एकदा, काका.

सून: टेम्पो वळला, बाबा.

सासरे: बघतोय. हे घे, सातवं. वर कुठंतरी ठेव, फडताळात. छकुलीच्या हाताला लागलं तर तोंडात घालेल.

सून: बाबा… संध्याकाळी न्याल तिला अंगणात? पूर्वीसारखं?

सासरे: नेईन की. पण तिथं तिला दाखवू काय आता?