जावेनं सांगितलेला चंद्र

तुम्ही माझ्या जावेचं एवढं कौतुक करताय ना, मग मागच्या कोजागिरीला काय झालं ते ऐका. मी शाळेत विज्ञान शिकवते. मेहरूणला आमच्या गच्चीवर मोठ्या हौसेनं नवी दुर्बीण लावली होती. पण पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्याच दिसत नाहीत, त्यामुळे खड्डे काही नीट दिसेनात. पोरं एकदा डोळा लावायची आणि "नुसता उजेड आहे" म्हणत पळायची. पळायची कुठे, तर सुनंदाकडे. ही माझी धाकटी जाऊ, नरडाण्याकडची. ती चंद्रावरच्या सशाची गोष्ट सांगत बसली होती. माझी स्वतःची मुलगीसुद्धा तिच्या मांडीवर जाऊन बसली, तेव्हा मात्र माझा जळफळाट झाला. मी तिथं जाऊन मोठ्यानं म्हणाले, "ससाबिसा काही नाही. तो थिजलेला लाव्हा आहे."

सुनंदा सरकून मला जागा देत म्हणाली, "ताई, मंग तो लाव्हा पहिले पानीना मायक वाहे का? सांगा ना!"

मग तो लाव्हा पाण्यासारखा कसा वाहायचा आणि कसा थिजला, ते मी सांगितलं. पोरं शेवटपर्यंत हलली नाहीत. मला वाटलं, जिंकले!

दुसऱ्या दिवशी जिन्यात माझी मुलगी मैत्रिणींना तीच लाव्हाची गोष्ट रंगवून सांगत होती. मी खुशीत विचारलं, "कुणी सांगितली गं ही?"

"काकूनं," ती म्हणाली. "तू सांगितलेली कळली नव्हती, म्हणून तिनं सकाळी परत सांगितली."